खळ लावलेलं विमान

कोचरेकर दिवसाला एकच प्रश्न विचारत. वर्ग सुटायचा, बाकीचे अकरा जण चपला सरकवून जिना उतरू लागायचे आणि हे मात्र बाकावर उजवा तळवा टेकून उभे राहायचे. खोली रिकामी झाली की घसा खाकरून म्हणायचे, "बाई, एक इचारू?" मी हो म्हटल्याशिवाय पुढचा शब्द तोंडातून निघत नसे. उत्तर मिळालं की डोळे मिटून ते एकदा मनाशी घोळवायचे, मान हलवायचे आणि निघायचे. मला वाटलं, भिडस्त माणूस आहे. म्हणून एकदा मीच म्हटलं, "अजून काही असेल तर विचारा की, कोचरेकर. मला घाई नाही." तर म्हणाले, "नको बाई. एक इचारलेला हातात उतरूक होया. मग दुसरो."

हे सगळं काळाचौकीच्या एका छोट्या तंत्रशाळेतलं. गिरणीसंपाला दोन वर्षं होत आली होती. तो संपला असं कोणी सांगितलं नव्हतं आणि चालू आहे असं म्हणायला कोणाची जीभ रेटत नव्हती. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते, कोचरेकरांच्या गिरणीचा वाजला नाही. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने काम गेलेल्या कामगारांसाठी रेडिओदुरुस्तीचा वर्ग काढला, दुपारी तीन ते पाच, आणि शिकवायला मला नेमलं. मी सव्वीस वर्षांची, गिरगावातून दोन बस बदलून येणारी, नव्या कोऱ्या डिप्लोमाच्या तोऱ्यात. समोरच्या बारा जणांत जो सगळ्यात लहान होता तोही माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'बाई' करून टाकलं आणि मी ती पदवी जरा जास्तच मनावर घेतली. बाईंना सगळं आलंच पाहिजे, असं मी ठरवलं. त्या ठरवण्याचा पुढे कोचरेकरांना किती ताप झाला, तेच इथे सांगायचं आहे.

कोचरेकर तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते. बुटके, रुंद खांद्यांचे, पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा. सत्तावीस वर्षं त्यांनी सायझिंग खात्यात काढली होती. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावतात, म्हणजे कांजी पाजतात आणि वाफेने तापलेल्या मोठाल्या तांब्याच्या पिंपांवरून सुकवून काढतात. खळ नीट बसली तर धागा ताठ राहतो, नाहीतर मागावर तुटतो आणि विणकर शिव्या घालतो. त्या वाफेने कोचरेकरांच्या हातांवर केस म्हणून राहिले नव्हते. कुठल्याही वस्तूची ओळख ते हाताच्या मागच्या बाजूने करून घेत. भिंत, बाक, पाठ्यपुस्तक, सगळ्याला आधी हाताची पाठ लावून बघायची. पहिल्या आठवड्यात तापलेलं सोल्डरिंग आयर्नही तसंच तपासायला निघाले होते. मी किंचाळले म्हणून वाचले.

वर्गात येण्याआधी ते भिवंडीपर्यंत जाऊन आले होते. जिथे गेले तिथे वय विचारलं आणि परत पाठवलं. एका गोदामावर वॉचमनची जागा मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. घरात त्यावरून बराच शब्दाला शब्द झाला होता, हे मला त्यांच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून, नंतर कळलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वॉचमनचा काम वाईट नाय, बाई. पण थय बसलंय तर माका कोण काय शिकवतलो?" पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी हे ऐकून मला तेव्हा थोडं हसू आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

रेडिओच्या लहरी दिसत नाहीत, त्या कशा समजावाव्यात यावर माझी गाडी नेहमी अडायची. कॉलेजात मला रेडिओवर चालणारी छोटी विमानं बनवायचा नाद होता. माझं शेवटचं विमान मी स्वतःच एका आंब्याच्या झाडात घातलं होतं, पण आतलं सामान शाबूत होतं: हातात धरायची पेटी म्हणजे ट्रान्समीटर, विमानात बसणारा रिसीव्हर, शेपूट हलवणाऱ्या काडेपेटीएवढ्या मोटारी आणि मुठीएवढं इंजिन. वायरलेसचा परवानाही माझ्या नावावर होता. एके दिवशी मी ते सगळं वर्गात नेलं. पेटी खिडकीत ठेवली, रिसीव्हर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि दांडी उजवीकडे ढकलली. तिकडे मोटारीचा पांढरा हात टुककन उजवीकडे वळला. अकरा जण वा वा म्हणाले. कोचरेकर मात्र उठले, पेटी आणि रिसीव्हर यांच्यामधल्या रिकाम्या हवेतून हात फिरवत चालत गेले आणि परत आले.

त्या दिवशी त्यांनी वर्ग सुटेपर्यंत वाट पाहिली नाही. "मधी तार नाय, तरी ता ऐकता कसा?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि मला कळलं की या माणसाला काहीतरी लागलं आहे.

त्याच सुमारास प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. देवस्थळी सर कोरडे होते पण लबाड नव्हते. ट्रस्टला आमची खोली टायपिंगच्या वर्गाला हवी होती. "चाळिशी उलटल्यावर डोक्यात नवं शिरत नाही, असं माझं मत आहे," सर म्हणाले. "खोटं ठरलं तर मला आनंदच आहे. संक्रांतीनंतर विश्वस्त येतील. त्यांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखवा. रेडिओ वाजवून दाखवाल तर ते म्हणतील, रेडिओ आमच्या घरीही वाजतो." विश्वस्तांचं समाधान झालं तर वर्ग दुसऱ्या वर्षी चालणार होता आणि त्यासाठी वर्कशॉपमध्ये एक मदतनीस घेतला जाणार होता, तोही याच बारा जणांतून. नाही झालं तर मार्चमध्ये खोलीला कुलूप. मी हे वर्गात जसंच्या तसं सांगितलं. मग कोचरेकर म्हणाले, "इमान करूया."

रेडिओचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं आणि विमान कोचरेकरांकडे आलं. त्यानंतरचे त्यांचे प्रश्न मी एका जुन्या डायरीत लिहून ठेवले होते. विमान पहिल्यांदा हाती घेणारा कोणीही विचारील असेच ते होते, पण विचारण्याची तऱ्हा त्यांची. "आदी जीव कोणाक देवचो, हातातल्या पेटयेक की इमानाक?" पेटीला, मी सांगितलं, आधी पेटी चालू करायची, मग विमान, आणि बंद करताना उलट, नाहीतर विमान भलत्याच कोणाचं ऐकायचं. हे त्यांना फार पटलं. "इमानाचा वजन खय धरूचा?" पंखाच्या पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्शावर दोन बोटांनी उचलायचं, नाक अगदी किंचित खाली झुकलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा घरातली फूटपट्टी, लाटणं, पाटीचा तुकडा, सगळ्याचा तोल दोन बोटांवर घेऊन झाला होता. "पेटी किती लांबसून ऐकू येता?" एरियल खाली करून चालत लांब जायचं आणि शेपूट हलतं का ते बघायचं, मी म्हटलं. ते पेटी घेऊन जिना उतरले, रस्ता ओलांडला, आणि वरून मी हात हलवून हो म्हणेपर्यंत समोरच्या पिठाच्या गिरणीच्या दारात दांडी दाबत उभे राहिले.

मग पंखावर कापड चढवायची वेळ आली. आम्ही कॉलेजात पातळ कागद लावून त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं द्रावण फासायचो, त्याने कागद ढोलकीसारखा ताणून बसतो. ते द्रावण कुठे मिळेना. त्या दिवशी बाकावर तळवा टेकून कोचरेकर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. "बाई, एक इचारू? कापडाक खळ दिली तर?" त्यांच्या ट्रंकेत गिरणीतून मिळालेली पातळ मलमल होती. चिंचोक्याच्या पिठाची खळ त्यांनी घरच्या स्टोव्हवर शिजवली. आठवड्याने ते पंख घेऊन आले, तेव्हा मी कापड बोटाने वाजवून बघितलं. टण्ण आवाज आला. असं ताणलेलं कापड मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या खात्याचं काम केलं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवसाचा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. "बाई, एक इचारू? खळ दमट हवेत पानी खाता. वर गेल्यार ढिली पडात काय?"

मला याचं उत्तर माहीत नव्हतं. खळीचं नाव तोवर मी साडीच्या संदर्भातच ऐकलेलं. पण बाईंना सगळं आलंच पाहिजे ना. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "छे, वर वारा असतो. उलट अजून सुकेल." आणि वर, लहान मुलाला समजावावं तशी त्यांच्याकडे बघून हसले. कोचरेकरांनी डोळे मिटले, उत्तर घोळवलं, मान हलवली. या वेळी मान हलवायला जरा उशीर लागला, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मी तिकडे काणाडोळा केला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शिवडीच्या बाजूला एका कारखान्याचं मैदान मिळालं. पलीकडे खाडी. सकाळी सातला आम्ही विमान नेऊन गवतावर ठेवलं, तोल बघितला, इंजिन सुरू करून बंद केलं, सगळं जिथल्या तिथे. विश्वस्त नऊला यायचे होते, ते दहाला आले, मग हार, मग दोन भाषणं. तोवर विमान दव पडलेल्या गवतावर, खाडीच्या ओल्या हवेत बसून होतं. उडवायच्या आधी कोचरेकर वाकले, पंखाला हाताची पाठ लावली आणि माझ्याकडे बघितलं. कापडाने ओल धरली हे त्यांना कळलं होतं, आणि ते बाईंची परवानगी मागत होते. विश्वस्त घड्याळ बघत होते. मी हातानेच सांगितलं, काही नाही होत, सोडा.

पेटी माझ्या हातात होती. विमान धावलं, उचललं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग नाक वर वर जायला लागलं आणि मी दांडी पुढे ढकलूनही खाली येईना. पंखाचा मागचा भाग रुंद, तिथे कापड जास्त, म्हणून खळीने प्यालेलं पाणीही तिथेच जास्त. सकाळी दोन बोटांवर नीट तोललेलं विमान दहा वाजता शेपटीकडे जड झालं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ढिलं पडलेलं कापड फडफडलं, डावा पंख कलंडला आणि आमचं तीन महिन्यांचं काम नाकावर आपटलं.

विश्वस्त काही वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर बरं, इतके ते सौजन्याने वागले. देवस्थळी सर हळूच म्हणाले, "वय आडवं येतं हो." तोवर कोचरेकर तुकडे गोळा करून आले होते. छातीशी मोडका पंख धरून ते सरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चूक माजी. खळ मी लावलंय." मी चार पावलांवर उभी होते. मला ऐकू आलं, आणि मी गप्प राहिले. हातातल्या पेटीचं एरियल आत ढकलत राहिले, जणू ते काम फारच महत्त्वाचं होतं.

सोमवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं. खरं सांगायचं तर ते आले नसते तर मला बरंच वाटलं असतं. पण तीनला ते आपल्या जागेवर होते, सगळ्यांबरोबर एक मुका झालेला रेडिओ उघडून बसले, आणि पाचला सगळे गेल्यावर बाकावर तळवा टेकला. "बाई, एक इचारू?"

मी मान हलवली.

"खळीचा तुमका ठावक होता, काय नुसता सांगलास?"

आवाजात राग नव्हता. पहिल्यांदा जीव पेटीला द्यायचा की विमानाला हे ज्या आवाजात विचारलं होतं त्याच आवाजात हे विचारलं. मी म्हणाले, "माहीत नव्हतं. नुसतंच सांगितलं."

ते डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस जिना उतरेल तो पुन्हा चढणार नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर चक्क सुटकेचा भाव होता. "मग बरा," ते म्हणाले. "ठावक असून चुकला असता तर शोधूचा खय? ठावक नव्हता म्हंजे शोधूक जागा आसा." आणि निघाले. जिन्यात थांबून वळले आणि म्हणाले, "मिया पण हात लावून गप रवलंय. सत्तावीस वर्सां खळ लावल्यान् कोणी? तुमी नाय."

मी तशीच देवस्थळी सरांच्या खोलीत गेले. बसायला सांगायची वाट न बघता मी सगळं सांगून टाकलं: प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचं, मैदानावर हाताने खूण कोणी केली. पन्नाशीच्या माणसाने नेमका विचारायचा तोच प्रश्न विचारला होता आणि सव्वीस वर्षांच्या डोक्यात नवं शिरलं नव्हतं, असंही म्हणाले. रडवेली झाले होते म्हणून जरा जास्तच बोलले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "शिमग्यापर्यंत वेळ देतो. विश्वस्तांना मी बघून घेईन. पण या वेळी पेटी कोचरेकरांच्या हातात. विमान तुम्हाला उडवता येतं, हे मला माहीत आहे." आणि चष्मा घालताना पुटपुटले, "म्हणजे तसं ऐकून आहे."

पुढचे सहा आठवडे मी कोचरेकरांची विद्यार्थिनी होते. त्यांनी कामट्यांच्या पाच छोट्या चौकटी केल्या, प्रत्येकीवर मलमल चढवली आणि प्रत्येकीला निराळी खळ दिली. एकीला घट्ट, एकीला पातळ, एकीत मेण, एकीवर सुताराकडचं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, एक नुसती कोरी. मग त्या पाचही चौकटी वहिनींच्या भाताच्या पातेल्यावर वाफेत टांगल्या. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले. वहिनी पदर खोचून बाजूला उभ्या होत्या. मला पाट देत म्हणाल्या, "बगा बाई. घरात माणसा जेवली काय नाय ता इचारूचा नाय, नि इमानाक पेज पाजूक बसलेत." पण पातेल्याखालचा स्टोव्ह त्याच पंप मारून मोठा करत होत्या.

खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या तराजूवर आम्ही चौकट न् चौकट वाफेआधी आणि वाफेनंतर तोलली. घट्ट खळीची चौकट सगळ्यांत जास्त पाणी प्यायली होती. पातळ खळीचा एकच हात आणि वर पॉलिशचे दोन, अशी चौकट वाफेतून कोरडी निघाली आणि बोट मारलं तर वाजली. कोचरेकर तिला हाताची पाठ लावून बसले. मग हसायलाच लागले. गिरणीत खळ घट्ट करायची, म्हणजे हलकं कापड वजनदार लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. "जन्मभर कापड जड केलंय, बाई," ते म्हणाले. "आता हलका करूक शिकतंय."

राहिला उडवायचा प्रश्न. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर उजवं ते उजवं असतं. ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं आणि नवशिक्याचे हात हमखास उलटे पडतात. मी त्यांना युक्ती सांगितली: विमान ज्या दिशेला चाललंय त्याच दिशेला आपणही तोंड करायचं, म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवून खांद्यावरून मागे बघायचं, मग गोंधळ होत नाही. यावर त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले नाहीत. म्हणाले, "बाई, ह्या तुमी करून बगितलंत?" मी हो म्हणाले, आणि ते खरं होतं. मग चाळीच्या गॅलरीत त्यांची तालीम सुरू झाली. वहिनी टोकाला उभ्या राहायच्या, विमान होऊन यांच्याकडे चालत यायच्या, आणि हे बंद पेटी घेऊन पाठमोरे, मान मुरडून, "उजवीकडे" म्हणायचे. वहिनी आपल्या उजवीकडे वळायच्या. चुकलं तर कठड्यावर आदळायच्या. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं दारात उभी राहून पोट धरून हसत, आणि वहिनी त्यांना म्हणत, "हसा, हसा. ह्यो तुमचो घो असतो तर तुमका पण उडूचा लागला असता."

शिमग्याच्या आदल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच मैदानावर गेलो. हार नाहीत, भाषणं नाहीत. बारा जण, मी, आणि छत्री घेऊन आलेले देवस्थळी सर. कोचरेकरांनी पंखाला हाताची पाठ लावली, विमान दोन बोटांवर तोललं, मग पुन्हा एकदा तोललं. वाऱ्याकडे तोंड करून विमान ठेवलं. वर्गाचं पुढचं वर्ष, आणि आपण अजून शिकू शकतो की नाही याचा निकाल, दोन्ही त्या पेटीत होतं आणि पेटी त्यांच्या हातात होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, गरज पडली तर पेटी घ्यायच्या तयारीत.

विमान उठलं. नाक या वेळी शहाण्यासारखं राहिलं. पहिलं वळण जरा मोठं झालं, दुसरं बरं झालं, आणि मग ते आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. कोचरेकरांचे हात उलटे पडले. विमान एका पंखावर कलंडून खाली घसरलं. माझा हात आपोआप पेटीकडे गेला. "थांबा, बाई," ते म्हणाले, आणि विमानाकडे चक्क पाठ फिरवली. मान मुरडून, खांद्यावरून वर बघत, त्यांनी दांडी हळूच दाबली. विमान सरळ झालं आणि आमच्या डोक्यांवरून इंजिनाचा आवाज करत निघून गेलं. देवस्थळी सरांनी छत्री मिटली. मी हात मागे घेतला आणि तो पुन्हा पुढे केला नाही.

उतरताना ते जोरात टेकलं. प्रोपेलर तुटला, एक चाक गवतात घरंगळत गेलं. पंख जिथल्या तिथे होते. सर चालत गेले, पंखावर टिचकी मारून बघितली आणि आवाज ऐकून पुन्हा मारली. "कोचरेकर, प्रोपेलर तुटला," ते म्हणाले. कोचरेकर धापा टाकत होते. "तो दुसरो मिळता, साहेब." सर म्हणाले, "मिळतो ना? मग जूनमध्ये या."

कोचरेकर त्यानंतर नऊ वर्षं आमच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस होते. निवृत्त झाल्यावर ते आणि वहिनी गावी गेले. चार वर्षांनी वहिनींनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं, झोपेतच गेले म्हणून. मी ते वाचून वर्ग सोडला आणि गच्चीत जाऊन रडले. पण त्यांची आठवण निघते तेव्हा मला आधी ते कार्ड आठवत नाही, मैदानही आठवत नाही. त्यांच्या नोकरीचा पहिला दिवस आठवतो.

जूनमधली दुपार होती. सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांना घेतलं होतं आणि नवा निळा डगला घालून ते बाकांमधून फिरत होते. नव्या वर्गात चौदा गिरणी कामगार होते. दारात देवस्थळी सर उभे होते, आपण नेमलेला माणूस कसा काय आहे हे बघायला. कोचरेकरांहूनही वयाने मोठ्या एका विणकराने आपला ट्रान्झिस्टर पुढे केला आणि विचारलं, "ओ मास्तर, हा थंड असला की वाजतो, तापला की गप होतो. असं का?" मास्तर म्हणून कोणी हाक मारण्याची कोचरेकरांची ती पहिलीच वेळ. त्यांनी ट्रान्झिस्टरला हाताची पाठ लावली. सगळा वर्ग बघत होता, सर बघत होते. दोन वर्षं दारोदार फिरून मिळालेली नोकरी, तिचा पहिलाच तास. मी फळ्याजवळ होते, तिथूनच त्यांना सांभाळून घेणार होते. माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं.

"माका ठावक नाय," कोचरेकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग स्टूल ओढून त्या माणसाच्या शेजारी बसले. "उघड. बगूया."

माझं उत्तर बरोबर होतं की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. ते मी गिळलं, आणखी एक स्टूल उचललं आणि त्या दोघांच्या शेजारी जाऊन बसले.